परतीचा दाखला

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागतो आणि त्याच सुमारास कॉलेजांत एक जुना वादही लागतो. यंदा तो एका पालकसभेत झाला. संस्थेचे एक पदाधिकारी उभे राहिले आणि म्हणाले, “तरवा आम्ही पेरायचा आणि लावणी मुंबईवाल्यांच्या मळ्यात. हे किती वर्षं चालायचं?” (तरवा म्हणजे लावणीसाठी पेरून वाढवलेली भाताची रोपं.) पहिल्या वर्षाला आपल्याकडे घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षाला दाखला काढून ठाण्या-मुंबईच्या कॉलेजात जातात, तेव्हा दाखला देतानाच जरा हात आखडता घ्यावा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. मागच्या बाकावरून एक गृहस्थ ताडकन उठले. “म्हणजे आमच्या पोरांनी हयच कुजाचा?” टाळ्या पडल्या. पुढे तासभर एका बाजूने निष्ठा, गळती, गावाचं ऋण आणि दुसऱ्या बाजूने प्लेसमेंट, एक्स्पोजर, इंग्रजी हे शब्द पत्र्यावरच्या पावसासारखे पडत राहिले. मग चहा आला आणि सभा संपली.

मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं प्रवेश समितीवर काढली. त्या सभेत मला एक गोष्ट सारखी खटकत होती. दोन्ही बाजू फक्त जाण्याबद्दल भांडत होत्या, येण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: पदवीच्या मध्यावर कॉलेज बदलणं सोपं झालं पाहिजे, इतकं सोपं की ते दोन्ही दिशांना घडेल. आणि याची गरज मुंबईच्या कॉलेजांपेक्षा आपल्या कॉलेजांना जास्त आहे.

तरव्याची उपमा देणाऱ्यांनी शेती केली असावी, पण ती देताना विसरले असावेत. तरवा पेरतात तोच उपटून दुसरीकडे लावण्यासाठी. जागच्या जागी ठेवलेल्या तरव्याला लोंबी धरत नाही. खरी भीती वेगळी असते. काढलेल्या रोपांच्या मुठी बांधावर पडून राहिल्या, वेळेत चिखलात गेल्या नाहीत, तर मुळं सुकतात. आपल्या मुलांचं नेमकं हेच होतं. एका कॉलेजाचा दाखला हातात पडलेला असतो, दुसऱ्याचा प्रवेश मिळालेला नसतो, आणि मधल्या दीड-दोन महिन्यांत वर्ष हातचं जातं.

आता संस्थाचालकांची बाजू. ती कमी लेखून चालणार नाही, कारण ती भावनेची नसून पोटापाण्याची आहे. कॉलेजाबाहेरच्या माणसाला ‘वर्कलोड’ या शब्दाची दहशत कळत नाही. अनुदानित कॉलेजात शिक्षकाचं पद टिकतं ते तासांवर, आणि तास टिकतात ते मुलांच्या संख्येवर. तिसऱ्या वर्षाला पदार्थविज्ञान घेणारी मुलं वीसची बारा, बाराची सहा झाली की विषयावर गंडांतर येतं. माणूस निवृत्त झाला की जागा भरली जात नाही, घड्याळी तासांवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेऊन शिकवायला, कुणीतरी येतो, प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरवर कापड पडतं ते पडतंच. मग पुढच्या वर्षी बारावी झालेलं मूल म्हणतं, तिसऱ्या वर्षाला इथे हा विषयच नाही, तर पहिल्या वर्षाला तरी का येऊ? जाणारा एकटा जात नाही, मागे राहिलेल्याचा विषयही घेऊन जातो. त्यात लोकसंख्येचं गणित. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, पेपरात पेढे भरवतानाचे फोटो छापून येतात, आणि ऑगस्टपर्यंत त्यातली निम्मी तोंडं गावात दिसेनाशी होतात. अशा ठिकाणी कॉलेज चालवणाऱ्याने ‘थांबा’ म्हटलं, तर त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे. मी ठरवणार नाही.

पण थांबा म्हटल्याने कोण थांबतं? दाखला अडवलेलं मूल वर्गात येऊन बसतं असा अनुभव मला तरी एकदाही आला नाही. ते बारावीची गुणपत्रिका घेऊन दुसरीकडे पुन्हा पहिल्या वर्षाला जातं, नाहीतर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरून कामाला लागतं. म्हणजे मुलाचं वर्षही गेलं आणि तुमची जागाही रिकामीच. शिवाय मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला कायद्याचा आधारही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८च्या अधिसूचनेत ते स्पष्ट बजावलं आहे. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की पहिल्या वर्षानंतर दहा मुलं गेली, तर दुसऱ्या वर्षाला नवी किती आली? माझ्या आठवणीत तो आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो, तोही सगळ्या वर्षांचा मिळून. गळती म्हणजे भांड्याला भोक. आपण भोकाकडे बघत बसलो आणि वरचा नळ कधीपासून बंद आहे हे कुणी तपासलंच नाही.

कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. तो मुंबईला गेला, पण गावचं दार ओढून घेऊन कधी गेला नाही. गणपतीला आला, शिमग्याला आला, मे महिन्यात आंबे-फणसाला आला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांतून कितीतरी माणसं गावी परतली, नांगराला लागली. २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. गावाने कुरकुर केली, शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवलं, पण घेतलं. चाकरमानी जायला धजावला तो मागे घर आहे या भरवशावर. हा भरवसा नोकरीला होता, धंद्याला होता, अगदी संसारालाही होता. मग सतरा-अठरा वर्षांच्या पोराने जूनच्या घाईत, मावशीच्या सांगण्यावरून निवडलेलं कॉलेजच तेवढं तीन वर्षं न फिरणारं का असावं?

परत येणारी मुलं असतात कुठे, असं विचारणारे असतील. गेल्या पावसाळ्यात, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, एक आई मुलीला घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. छत्री मिटवून भिंतीला टेकवलेली, तिच्याखाली पाण्याचं थारोळं. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, आत कागद क्रमाने लावलेले. “सर, चेडवाक मुंबय सोसली नाय. आता हयसर घेवक जमात काय?” मुलगी वर्षभर मामाकडे नालासोपाऱ्याला राहिली होती. एका खोलीत सहा माणसं. कॉलेज अंधेरीच्या अलीकडे, म्हणजे सकाळी विरार लोकलला लटकायचं आणि दुपारी परत. (मुंबईला पाठवलं म्हणतात तेव्हा मूल बहुतेक वेळा दिव्याला, विरारला नाहीतर कल्याणच्या पुढे असतं. २००१ ते २०११मध्ये खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही घटलीच होती.) जानेवारीत मामीला दिवस गेले, जागा पुरेना. मुलीने तरीही दोन्ही सत्रं सोडवली होती. एकही केटी नाही. मेजर, म्हणजे मुख्य विषय, रसायनशास्त्र, आमच्याकडेही रसायनशास्त्र. विद्यापीठ तेच, मुंबईचं. पुढे पदवीच्या कागदावर नावही त्याच विद्यापीठाचं येणार.

तरी आम्ही तिला घेतलं नाही. ‘आम्ही’ म्हणतोय, पण शेऱ्याखालची सही माझी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुंबई विद्यापीठात सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, वर्षाला ४४. मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा, निवडीचा विषय), कौशल्याचे विषय, भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा असे त्याचे तुकडे. तिचे ४४पैकी ३८ क्रेडिट आमच्याशी जुळत होते. उरलेले सहा जुळेनात, कारण तिथे ओपन इलेक्टिव्हला जे होतं ते आमच्याकडे शिकवायला माणूसच नव्हता, आणि कौशल्याचा विषयही वेगळा निघाला. रसायनशास्त्राची पदवी घेऊ पाहणारी मुलगी रसायनशास्त्रात पास होती आणि अडली होती दोन-दोन क्रेडिटच्या वरकामात. समितीत कुणी म्हणालं, समकक्षतेचं पत्र आणायला सांगा. कुणी म्हणालं, उद्या ऑडिटमध्ये विचारलं तर? शेवटी मी लिहिलं, ‘विषय जुळत नाहीत.’ तीन शब्द. फाइल परत दिली. आईने ‘बरा’ म्हटलं आणि छत्री उघडली.

या जागेवर दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो मी त्या समितीत स्वतःच मांडला होता: दर्जाचं काय? कॉलेजं स्वायत्त होत चालली आहेत, प्रत्येकाचा अभ्यासक्रम आपापल्या वाटेने चाललाय. उद्या गणिताचा एक पेपर न शिकलेलं मूल दुसऱ्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात येऊन बसलं, तर त्याचंही नुकसान आणि शिकवणाऱ्याचंही. हे खरं आहे. पण याचं उत्तर प्रवेश नाकारणं कसं होईल? ज्या पायाभूत पेपराविना पुढचं कळणार नाही तो ओळखायचा आणि पहिल्या सत्रात जादा घ्यायला लावायचा, एवढं विभागप्रमुखाला जमायला हवं. तो पायाभूत पेपर कोणता आणि वरकाम कोणतं, हा फरक शिक्षकाला कळतो, कारकुनाच्या तक्त्याला कळत नाही. आम्ही शिक्षक असून तक्ता पुढे केला. केटी या आपल्या लाडक्या शब्दाचा मूळ अर्थच बघा, ‘टर्म भरायची परवानगी’. दोन विषयांत नापास झालेल्या मुलाला आपण पुढच्या वर्षात बसवतो आणि म्हणतो, मागचं सोडव. मग सगळ्या विषयांत पास झालेल्या मुलीला तीच सवलत देताना आपल्याला दर्जा का आठवतो?

अर्धवट सोडलेला अभ्यास सन्मानाने पुढे सुरू करू देण्याची पद्धत काही आजच्या धोरणाने शोधलेली नाही. ज्यांचं मूळ गाव आपल्याच मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली लंडनमधला अभ्यास मध्येच टाकून यावं लागलं, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. लंडनने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवायची मुभा दिली. मधल्या काळात त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे जमवले, १९२०ला ते परत गेले, १९२१ला एम.एस्सी. आणि १९२३ला डी.एस्सी. झाले. ते पदव्युत्तर शिक्षण होतं आणि माणूस असामान्य होता, हे मान्य. पण ती मुभा असामान्यत्वाची परीक्षा घेऊन दिलेली नव्हती. आणि याच मातीतलं उलटं उदाहरणही आहे. दापोलीजवळच्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला, आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला परत पाठवलं. पुढच्या वर्षी त्याने कोल्हापूरला ती परीक्षा दिली. महर्षी झालेल्या माणसाची गोष्ट म्हणून आपण ती कौतुकाने सांगतो. त्या खिडकीतून परत फिरलेले आणि महर्षी न झालेले किती, याची नोंद कोण ठेवतो?

दुसरा आक्षेप मागच्या दाराचा. कॉलेज बदलणं सोपं केलं तर लोक आधी कुठेतरी प्रवेश घेतील आणि दुसऱ्या वर्षाला नामांकित कॉलेजात घुसतील, बारावीच्या गुणवत्तेला अर्थ राहणार नाही. घुसणं वाईट, यात वाद नाही. पण मागचं दार तयार होतं तेव्हा पुढचं बंद असतं. आज दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा कुठे जाहीर होतात? नोटीस बोर्डावर नाही, संकेतस्थळावर नाही. त्या कळतात ओळखीने. ज्याचा मामा त्या कॉलेजात शिपाई आहे त्याला कळतात. अभियांत्रिकीत मात्र याच राज्यात पदविकावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश दिला जातो. सीईटी कक्षाची केंद्रीय फेरी होते, गुणवत्ता यादी लागते, जागांचा हिशेब सगळ्यांसमोर असतो. त्या मुलांमुळे अभियांत्रिकीचा दर्जा बुडाला असं कुणी म्हणत नाही. माझ्या ओळखीचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक तर सांगतात की वर्कशॉपमध्ये हीच पोरं पुढे असतात. मग बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांनीच काय घोडं मारलंय? आणि गुणवत्तेचंच म्हणाल तर कॉलेजात वर्षभर केलेल्या अभ्यासाचे गुण हे बारावीच्या एका मार्च महिन्यापेक्षा जास्त खरं सांगतात.

क्रेडिट बँक आली, आता सगळं आपोआप होईल, असं समजणारेही भेटतात. २०२१मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आले. कमावलेले क्रेडिट साधारण सात वर्षं खात्यात राहतात, एका वर्षावर सर्टिफिकेट आणि दोनवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पुन्हा आत येता येतं. कागदावर उत्तम आहे. पण बँकेत पैसे असणं आणि बाजारात तांदूळ मिळणं या दोन गोष्टी आहेत. बँक क्रेडिट सांभाळते, जागा देत नाही. जागा द्यायची कॉलेजाने, आणि कॉलेजात ती देण्याचं काम कुणाचं हेच ठरलेलं नाही. बाहेर पडायचं दार सगळ्यांना पाठ आहे, आत यायच्या दाराची किल्ली मात्र कुणाकडेच नाही.

‘मुंबईच बरी’ म्हणणाऱ्या पालकांशीही माझं भांडण आहे, पण ते थोडक्यात आटोपतं. मुलाला जायचंय तर जाऊ द्या, फक्त सतराव्या वर्षी जाणं हीच एक वेळ असं समजू नका. दोन वर्षं घरून शिकून, मेजरमध्ये पाय रोवून तिसऱ्या वर्षाला गेलेलं मूल जास्त टिकतं, खर्चही कमी होतो. आणि शहरातल्या मुलांना आपल्याकडे यायला कारण नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? प्राणिशास्त्राच्या मुलाला ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकांवर जे दिसतं, ते मुंबईच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनच्या बरणीत दिसतं. मालवणचा सागरी भाग १९८७पासून अभयारण्य आहे. भाद्रपदात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, फुलणाऱ्या वनस्पती पाहायला लोक लांबून गाड्या करून येतात. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. इतिहासाच्या, पुरातत्त्वाच्या, वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी एक-दोन सत्रं इथे काढावीत इतकं इथे पडलेलं आहे. ती मुलं आली तर आपली तिसऱ्या वर्षाची बाकं भरतील आणि वर्कलोडही टिकेल. पण त्यांचे दोन-दोन क्रेडिट आपण आपल्या खिडकीशी अडवणार असू, तर कोण कशाला येईल?

करायचं काय, तर फार नाही. मे महिन्यातच प्रत्येक कॉलेजाने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा विषयवार जाहीर कराव्यात. मेजर जुळत असेल तर प्रवेश द्यावा, बाकी फरक विभागप्रमुखाने ठरवून पुढच्या सत्रांत भरून घ्यावा, आणि हे पंधरा दिवसांत व्हावं. जुन्या कॉलेजाचा दाखला नव्या प्रवेशानंतर सुटावा, आधी नव्हे, म्हणजे मुठी बांधावर पडायच्या नाहीत. शिष्यवृत्ती मुलाच्या मागे जावी. एवढं करायला नवा कायदा लागत नाही, सही करणाऱ्याला थोडं धैर्य लागतं. माझ्याकडे ते त्या दिवशी नव्हतं.

सभेनंतर आठवड्याने मी वेंगुर्ल्याला एका दुकानात झेरॉक्स काढायला गेलो. मशिनमागे तीच मुलगी होती. तिने मला ओळखलं, मी आधी नजर चुकवली. पेन्शनचे कागद होते, प्रत्येकी तीन प्रती. कागद जुळवता जुळवता तिने विचारलं, “सर, ते क्रेडिट खात्यात सात वर्सां रवतत ना?” म्हटलं, रवतत. तिने पिन मारली, सुटे पैसे मोजून काउंटरवर ठेवले. “मगे एक गेला. अजून सा आसत.”